निवृत्त शब्द

आत्याची पत्र्याची पेटी आम्ही ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी उघडली. राधानगरीच्या घरात माळ्यावर होती. तळाशी १९७७ सालचा एका दवाखान्याचा केसपेपर निघाला. निदानाच्या ओळीत एकच शब्द : हिस्टेरिया. त्या शब्दापायी तिचे लग्न मोडले, हे घरात सर्वांना ठाऊक होते. गल्लीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता : ‘नाटकं करते.’

गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला हा शब्द. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० च्या आपल्या निदानग्रंथातून तो निदान म्हणून काढून टाकला. आत्याला ते कोण कळवणार?

रुग्णनोंदी संगणकावर ठेवण्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ नावाची एक जागतिक परिभाषा आहे. ती चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे. आपले राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. तिच्यात चुकीची ठरलेली संकल्पना पुसत नाहीत, निवृत्त करतात. तिचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कशालाही देत नाहीत. कारण नोंदवतात – दुबार, चुकीची, संदिग्ध – आणि शक्य तिथे नव्या संकल्पनेकडे दुवा जोडतात. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल : नाकारलेला पाठ तिथेही पानाच्या तळाशी जिवंत असतो.

काही बदल सोपे असतात. आमच्याकडचे अभयारण्य १९५८ साली जाहीर झाले ते ‘दाजीपूर बायसन अभयारण्य’ म्हणून. बायसन हा अमेरिका-युरोपातला निराळाच प्राणी. इथला तो गवा. एकाच्या जागी एक, काम झाले. (पर्यटक अजूनही बायसनच पाहून जातात, ते सोडा.) हिस्टेरियाचे तसे नाही. तो फुटून त्याची अनेक निदाने झाली. स्नोमेडमध्ये संदिग्ध संकल्पनेपुढे असे अनेक संभाव्य पर्याय मांडलेले असतात. त्यांतला नेमका कोणता, हे यंत्राला परस्पर ठरवता येत नाही. कोणीतरी मूळ नोंद, जमल्यास रुग्ण, पुन्हा पाहावा लागतो.

केसपेपरवर एवढेच आहे : झटके, दातखीळ, दोन तास अबोल. झटक्यात तिची जीभ चावली जाई, असे आई सांगे. ते कागदावर नाही. म्हणजे कदाचित ते फेफरे असेल. मग शब्द निवृत्त होण्याआधीच निदान चुकले होते, आणि ती चूक कुठलीही परिभाषा दुरुस्त करू शकत नाही. तरी ‘फेफरे’ लिहिले असते तर लग्न टिकले असते, असेही म्हणवत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके विवाहाच्या आड आणले होते; तो शब्द तिथून १९९९ साली गेला.

धाकट्या भावाचे म्हणणे, कागद जाळून टाकावा. आम्ही तो परत पेटीत ठेवला. मूळ शब्द खोडला नाही. शेजारी पेन्सिलीने ‘संदिग्ध’ असे लिहिले, आणि खाली जिभेची गोष्ट, आईच्या नावासह.