दोष कोणाचा?

आमच्या घरीं वडिलांनीं १९८४ सालीं घेतलेली पद्मिनी मोटार अद्याप आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनी गाड्या निघेनाशा झाल्या त्यासहि आतां वीस वर्षांवर काळ लोटला. वडील गेल्यावर ती विकावी असें पुष्कळांनीं सुचविलें. पण आईच्या देखत तो विषय काढण्याचें धैर्य आम्हां भावांपैकीं कोणासच झालें नाहीं. ह्या गाडीपायीं माझ्या हातून धाकट्या भावावर जो अन्याय घडला, तो सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आम्ही अमरावतीस एकत्र राहतों. धाकटा नोकरीनिमित्त अकोल्यास असतो व शनिवारीं रात्रीं घरीं येतो. गाडी त्याच्याजवळ असे. २०२१ च्या हिवाळ्यांत ती वाटेंत बंद पडूं लागली. अकोल्याहून निघून मूर्तिजापूर ओलांडलें कीं ती आचके देई व थांबे. अर्ध्या तासानें कांहींच झालें नाहीं अशा थाटांत पुन्हां चालूं होई. बॅटरी बदलली, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. पण वैद्याच्या दारीं पोंचतांच रोगी ठणठणीत व्हावा, तशी तिची गत. सुटींत दिवसां मी तिला अकोल्यापर्यंत नेऊन आणीं, तेव्हां ती हूं कीं चूं करीत नसे.

प्रथम आम्हीं रस्त्याला दोष दिला. परंतु जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार होऊन जागतिक विक्रम झाला, आणि तरीहि गाडी थांबतच राहिली. रस्ता निर्दोष ठरला. उरला तो भाऊ! एका रात्रीं बायको व लहान मुलीसह तो अकरा वाजेपर्यंत वाटेंत अडकला. घरीं येतांच मीं सर्वांसमक्ष म्हटलें, "तुला गाडी जपतां येत नाहीं. वडिलांच्या हातीं ती कधीं अशी वागली नाहीं."

"दादा, आधीं दिवे मंद होतात आणि मग—" एवढेंच तो बोलला. मीं पुढें ऐकलें नाहीं. त्यानें किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खुंटीस अडकविली, आणि पुढच्या शनिवारापासून तो एस्‌.टी.नें येऊं लागला. पंगतींत आमचें बोलणें कामापुरतेंच उरलें.

त्या दिवाळींत भाऊबीजेस मी आईला अकोल्यास मामांकडे घेऊन गेलों. निघावयास रात्र झाली. मूर्तिजापूरच्या पुढें दिवे मंदावले, इंजिनानें आचके दिले, आणि सर्वत्र अंधार झाला. मागच्या आसनावरून आई शांतपणें म्हणाली, "तो हेंच सांगत होता ना रे?"

दुसऱ्या दिवशीं गाडी बंद पडलेल्या वेळांचें टिपण केलें. एकूण एक प्रसंग रात्रीचा! तें टिपण घेऊन मी एका वृद्ध वायरमनकडे गेलों. त्यांनीं एकहि भाग बदलला नाहीं. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोंकाला व दुसरी डॅशबोर्डाच्या मागें, मुख्य तार जेथें किल्लीच्या स्विचला मिळते तेथें लावली; इंजिन चालूं ठेवलें आणि दिवे लावून ते स्वस्थ बसले. आरंभीं कांटा जेमतेम एका व्होल्टापाशीं होता. वीस मिनिटांनीं तो तीनाच्या वर गेला. बाराच्या बॅटरींतून एवढा दाब त्या एका जोडांतच खर्ची पडत होता.

त्यांनीं मला कारण समजावून दिलें. दिवसां ह्या तारेंतून केवळ इंजिनापुरता, म्हणजे सुमारें तीन अँपियर प्रवाह जातो. रात्रीं दिव्यांसह तो बाराच्या घरांत पोंचतो. प्रवाह चौपट झाला कीं जोडांतील उष्णता सोळापट होते. जुनें पितळी टोंक ढिलें झालेलें, त्यावर कळंक. तें तापे, प्रसरण पावून आणखी ढिलें होई, व शेवटीं संबंधच तुटे. निवालें कीं पुन्हां जुळे. "भार नसतांना तपासलें तर सगळेंच जोड निरोगी दिसतात," ते म्हणाले. जोड घासून नवें टोंक डाख देऊन बसविलें, काम तासाभराचें.

माझ्या ध्यानांत आलें कीं, मी गाडी नेहमीं दिवसां हांकीत होतों, आणि भार सारा भावाच्या वांट्यास येत होता. माझ्या हातीं ती निर्दोष होती, म्हणून मी स्वतःस कुशल समजलों आणि त्याला बेफिकीर.

पुढच्या शनिवारीं मी एस्‌.टी.नें अकोल्यास गेलों, किल्ली त्याच्या हातावर ठेविली व "चुकलों" म्हणून सांगितलें. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "एकदां रात्रीं बरोबर या, एवढेंच मला म्हणावयाचें होतें, दादा."

एक दिवस थांबून रविवारीं रात्रीं, दिवे लावून, आम्ही दोघे निघालों. गाडी त्यानें हांकली. मूर्तिजापूर गेलें, बडनेरा आलें. आई ओसरीवर जागीच होती. तिनें आमच्याकडे एकदां पाहिलें आणि पानें वाढावयास सांगितलीं.