गाठ पक्की, तर मासा नक्की!

दौलताबाद झालं, म्हैसमाळ झालं, मॉलचा तर कंटाळाच आलाय... मग रविवारी करायचं काय? मी गळ घेऊन करमाडला गेले. हसू नका! जालना रोडने शेंद्र्याच्या कंपन्या मागे टाकल्या की करमाड, आणि तिथून आत वळलं की शेतांच्या कडेला तलाव. (तलावाचा ठेका बहुतेकदा मच्छीमार सोसायटीकडे असतो. आधी विचारा. आम्ही विचारलं होतं.)

नवा रॉड, नवं तंगूस, गळाला कणकेची गोळी. अर्ध्या तासात रॉड वाकला, पाण्यात काहीतरी चमकलं आणि... दोरा सैल!

"तंगूसच थर्ड क्लास," मी जाहीर करून टाकलं.

शेजारच्या मामांनी टोक हातात घेतलं. "तंगूस चांगलंय ताई. हे टोक बघा, कसं पिळा पडून वळलंय. तुटलं नाही, तुमची गाठ सुटली."

बुटाच्या लेसला मारतो तशा दोन गाठी मारल्या होत्या मी! मासा गेला त्याचं फार नाही, पण तो तोंडात गळ घेऊन गेला, हे दिवसभर टोचत राहिलं.

मग शिकवणी. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचं. टोकाचे मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे. टोक डोळ्यालगतच्या फटीतून काढायचं, मग त्याने जो मोठा फासा तयार होतो त्यातून. आणि ओढण्याआधी थुंकी! हो, चक्क थुंकी. कोरडं नायलॉन घासून तापतं आणि नेमकं गाठीतच कमजोर होतं. हीच ती इम्प्रूव्हड क्लिंच. मामांकडे नुसती 'गळाची गाठ'. तंगूस जाड असेल तर वेढे कमी, नाहीतर गाठ बसतच नाही.

माझ्या मित्राच्या रिळावर मात्र ब्रेडेड दोरा होता. तो गुळगुळीत, त्यावर ही गाठ निसटते. त्याला पालोमार: दोरा दुहेरी करून डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, पुढचा फासा अख्ख्या गळावरून घाला, ओला करून ओढा. खरं सांगू? मला हीच जास्त आवडली. ऑफिसात फोनवर बोलता बोलतासुद्धा जमते (गळ न लावता, प्लीज).

कापलेले तुकडे मामा खिशात टाकत होते. नायलॉन कुजत नाही, पाखरांच्या पायात अडकतं.

संध्याकाळी तळहाताएवढी चिलापी लागली. मामांनी आधी गाठ बघितली, मग मासा.