सपाट जमिनीचे गणित

वीज म्हणजे काय, हे आमच्या टेंभुर्णीकडच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस वखरणी चालू असताना आणि पुन्हा परतीच्या पावसात सोयाबीन काढताना आभाळ भरून येते, तेव्हा सारा गाव शेतात असतो. मराठवाड्यात झाडाखाली उभा राहिलेला माणूस वीज पडून गेल्याची बातमी दरवर्षी येतेच. म्हणूनच बारावीच्या भौतिकशास्त्रातला विद्युत क्षेत्राचा धडा मला परका वाटला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पुढे कलाशाखेला आले, पण ते पुस्तक अजून जपून ठेवले आहे.

त्या धड्यात प्रभारित वस्तू जशीच्या तशी कधी येत नाही. ती दूर असेल तर बिंदू समजावी, अगदी जवळ असेल तर न संपणारा पत्रा समजावा! विज्ञानाने असे खोटे का बोलावे? परंतु हे खोटे मोजूनमापून बोललेले असते. सारखा प्रभार पसरलेली एक गोल चकती घ्या. तिच्या मध्याच्या समोर, त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाइतक्या अंतरावर पत्र्याचे सूत्र सुमारे ११ टक्के जास्त उत्तर देते. शंभराव्या हिश्शावर चूक जेमतेम १ टक्का उरते. उलट त्रिज्येच्या पाचपट दूर गेल्यास बिंदूचे सूत्र साधारण ३ टक्क्यांनीच चुकते. चकती तीच, आपण कुठे उभे आहोत, त्यावर सूत्राचा खरेपणा ठरतो.

ढगाचेही तसेच. केंब्रिजच्या विल्सन यांनी जमिनीवरून दूरच्या ढगांचे क्षेत्र मोजले आणि वर धन, खाली ऋण प्रभार असतो असे सांगितले. सिम्पसन यांनी सिमल्याला पावसाच्या थेंबांवरचा प्रभार मोजला. तो बहुतांशी धन निघाला, म्हणून ते म्हणाले, खाली धन. वाद कित्येक वर्षे चालला. अखेर १९३७ साली सिम्पसन आणि स्क्रेझ यांनी फुग्यांतून उपकरणे सोडून केलेली मोजणी प्रसिद्ध झाली : वर धन, मध्ये ऋण आणि तळाशी थोडा धन. दोघांनाही सत्याचा एकेक तुकडा दिसला होता.

एका सुट्टीत मी वहीत हिशेब मांडला. ६ किलोमीटर उंचीवर ४० कूलोम ऋण, १० किलोमीटरवर तेवढाच धन, दोन्ही बिंदू. खाली जमीन सपाट. बरोबर खाली उत्तर आले दर मीटरला सुमारे १३ हजार व्होल्ट. वादळी ढगाखाली प्रत्यक्ष मोजमापेही १० हजारांच्या आसपास जातात. मी खुशीत येऊन बाबांना सांगितले. ते म्हणाले, "जमीन सपाट धरली, बरं. पण तिच्यावर मी उभा असतो, तो धरला का?"

प्रश्न अडाण्याचा नव्हता. सपाट जमिनीवर अर्धगोल उंचवटा असला, तर त्याच्या माथ्यावरचे क्षेत्र तिप्पट होते. उंचवटा लहान असो की मोठा, तिप्पटच. उभा माणूस किंवा एकटे कडुलिंबाचे झाड तर त्याहून उंच आणि निमुळते. तिथे क्षेत्र आणखी कितीतरी वाढते. म्हणजे ढगाचा अंदाज घेण्यास माझे गणित पुरेसे होते, पण बाबांच्या जिवाची काळजी करायला ते निरुपयोगी होते. गडगडाट ऐकू येताच झाड सोडून पक्क्या घरात जावे, हे त्या सपाट जमिनीने कधीच सांगितले नसते.

मित्रहो, सोप्या सूत्रांशी माझे भांडण नाही. त्यांच्यावाचून एकही हिशेब सुटणार नाही. आपल्या अर्थशास्त्रातले दरडोई उत्पन्न तरी दुसरे काय आहे? तीही एक सपाट केलेली जमीनच. फक्त उत्तराखाली दोन रेघा ओढण्यापूर्वी एवढे विचारावे, की या सपाट जमिनीवर उभे कोण होते आणि आपण कुणाला धरले नाही?