कापलेल्या ओळीचं टोक

वेबस्फिअरचं नाव ओळीच्या शेवटी असतं. पीएस ही आज्ञा चालवली की यंत्रावरच्या प्रत्येक चालू प्रोसेसची एक ओळ दिसते, तिच्या शेवटी. माझी कितीतरी वर्षं या एका गोष्टीत गेली. वेबलॉजिक आपलं नाव स्वच्छ लिहून ठेवतो. टॉमकॅट नाव सांगत नाही, पण कुठल्या फोल्डरमधून उठलाय ते तरी सांगतो. वेबस्फिअर आधी मेमरीचे आकडे सांगतो, मग लांबलचक क्लासपाथ, मग आणखी पाचपन्नास पर्याय. ते सगळं संपल्यावर अगदी टोकाला तीन शब्द येतात: सेल, नोड, सर्व्हर. कापलं जातं ते नेमकं हेच टोक. सोलॅरिसचा साधा पीएस ८० अक्षरांवर थांबायचा. लिनक्सचा कर्नेल ४,०९६ बाइटांपुढचं काही सांगायचा नाही. २०१५ साली ४.२ आवृत्तीत ती मर्यादा गेली, पण मोठ्या ग्राहकांकडची यंत्रं त्यानंतरही वर्षानुवर्षं जुन्याच कर्नेलवर चालली. आपण ज्याचं नाव विचारायला आलो, त्याने सगळं सांगावं आणि नाव सांगताना दार लागावं, असं ते असतं.

डिस्कव्हरीत, म्हणजे कुठल्या यंत्रावर काय चालतंय ते शोधून नोंदवण्याच्या कामात, राहिलेल्या कुणालाही यावरचे उपाय ठाऊक आहेत. सोलॅरिसवर पार्ग्ज चालवायचं, पण ते रूट मागतं. यूसीबीचा पीएस वापरायचा, पण ते पॅकेज यंत्रावर असेलच असं नाही. आणि रूट मागितलं की सुरक्षेची माणसं विचारतात, "तुम्ही फक्त वाचणार ना, मग रूट कशाला?" हा प्रश्न मी इतक्या बैठकांमध्ये ऐकलाय की त्याचं उत्तर देताना माझा आवाज नकळत चढतो.

तेव्हा मी एक नियम लिहिला. टोक कापलं तरी ओळीच्या सुरुवातीला प्रोफाइलचा मार्ग बहुधा शाबूत असतो. त्या मार्गाने कॉन्फिगच्या फोल्डरात उतरायचं, नोडखाली सर्व्हरांची नावं असतात ती वाचायची, नोडएजंट वगळायचा आणि राहिलेलं नाव प्रोसेसला लावायचं. एकच नाव उरलं तर हे बिनचूक आहे. दोन उरली तर? तर पहिलं घ्यायचं. ही ओळ मी लिहिली तेव्हा शेजारी टिपण टाकलं होतं: "तात्पुरतं." खाली माझी आद्याक्षरं आणि तारीख. पुढे बारा वर्षं ती ओळ तशीच चालली.

ती का चालू दिली, तेही सांगतो. ग्राहकापुढे तिमाहीचा अहवाल मांडताना शेवटच्या पानावर मी एक ओळ ठळक ठेवायचो: "नाव न सापडलेले ॲप्लिकेशन सर्व्हर: ०." दुसऱ्या कंपन्यांच्या अहवालांत त्या जागी तीस, पन्नास, शंभर असायचे. माझ्या शून्यावर लोक थांबायचे. कुणीतरी विचारायचं, "हे कसं जमवता?" आणि मी काहीतरी जुजबी सांगून विषय बदलायचो. पानभर कामातलं मला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे ते शून्य. मी त्याच्यासाठी काम करत होतो, हे आज मला मान्य करावं लागतं.

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. लॉगफोरजे या जाव्हा लायब्ररीतल्या भगदाडाची बातमी आली. त्या आठवड्यात ज्यांनी हे काम केलं, त्यांना बाकी काही सांगायला नको. जगातल्या प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न होता: आपल्याकडे जाव्हा कुठे कुठे चालतंय आणि त्यातल्या कशाच्या पोटात ती लायब्ररी आहे? एरवी ज्या सीएमडीबीकडे, आमच्या नोंदवहीकडे, कुणी ढुंकून पाहत नाही, तिच्याकडे त्या रात्री सगळे वळले. मी मार्च २०२० पासून कळंबला घरूनच काम करत होतो. रविवारी, १२ तारखेला, बाबू गेनूंचा स्मृतिदिन. शेजारच्या म्हाळुंगे पडवळला, त्यांच्या गावी, मी दरवर्षी जाऊन येतो. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला हा आमच्याकडचा माणूस. त्या वर्षी पहिल्यांदा चुकलं. सकाळपासून यादी काढत होतो. रात्री ती पाठवली आणि समाधानाने झोपलो.

अकरा दिवसांनी माझ्या हाताखालच्या एका मुलीचा फोन आला. ती घोडेगावची, माझ्याकडे येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. ती कमी बोलते आणि बोलते तेव्हा आकडे पुढे ठेवते. म्हणाली, "सर, या यंत्रावर वेबस्फिअरच्या जाव्हा प्रोसेस दोन आहेत, आपल्याकडे रेकॉर्ड एकच आहे." मी म्हणालो, एक नोडएजंट असेल. "नाही सर, नोडएजंट धरून तीन होतात."

मग तिने पोर्ट दाखवला. त्या एका रेकॉर्डचा पोर्ट एका स्कॅनला ९०८० होता, पुढच्याला ९०८१, मग पुन्हा ९०८०. दोन वर्षांच्या इतिहासात तो असा हेलकावत होता. मी तो पाहिलेला होता. पाहून मनाशी म्हटलंही होतं, रीस्टार्ट झाला असेल. एकाच प्रोफाइलमधले दोन सर्व्हर, दोघांच्या ओळीचं टोक कापलेलं, दोघांना माझ्या नियमाने पहिलं नाव दिलेलं. किल्ली एक झाली, म्हणून रेकॉर्ड एक झालं. ज्याचा स्कॅन नंतर व्हायचा, तो आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसायचा. ग्राहकाच्या माणसांनी यादीप्रमाणे एक सर्व्हर दुरुस्त केला आणि खूण केली. दुसरा अकरा दिवस उघडा राहिला, कारण माझ्या यादीत तो जन्मालाच आलेला नव्हता.

एकाची दोन रेकॉर्डं झाली तर कुणीतरी ओरडतं, परवान्याचं बिल वाढतं, चूक वर येते. दोघांचं एक झालं तर सगळं शांत असतं. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवत आलो होतो.

त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली होती. आमच्या सातबाऱ्यावर बारा नंबरात वर्षानुवर्षं ऊस लागलेला, आणि दादांनी त्या तुकड्यात कितीतरी हंगाम बटाटा घेतला होता. बुजवलेली विहीरही उताऱ्यावर पाण्याने भरलेली. दादा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी हे सगळं मी पाहिलं आणि संतापलो होतो. त्या खरिपात मी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलमधून पिकाचा फोटो चढवला. रेंज येईना म्हणून तीनदा शेतात गेलो. घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं की नोंद म्हणजे जागेवर जाऊन केलेली नोंद. आणि खोलीत, टेबलावर, माझा नियम न पाहिलेल्या सर्व्हरांना नावं देत होता.

या क्षेत्रात आज जे चाललंय त्याबद्दल माझी मतं कडक आहेत आणि या चुकीने ती मऊ झालेली नाहीत. नुसता पोर्ट पाहून ओळख ठरवणारे मला कधीच पटले नाहीत. ८०८० उघडा दिसला की टॉमकॅट लिहायचं. तिथे जेबॉस असू शकतो, जेन्किन्स असू शकतो. कंटेनर आल्यापासून तर हे फार वाढलंय. यजमान यंत्रावरून पीएस मारला की आतल्या कंटेनरच्या प्रोसेसही दिसतात, मग बाहेरून एकदा आणि आतून एकदा अशी मोजणी होते. सोलॅरिसच्या झोनमध्ये हेच होत होतं. तेव्हा आम्ही त्यावर मार्ग काढला होता, आणि नवी मंडळी तोच खड्डा नव्याने खणतायत. क्लाउडवाले म्हणतात, टॅग लावा, शोधायची गरजच नाही. टॅग माणूस लावतो आणि काढायला विसरतो. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. नावावरून शोधत जाणारा माणूस जलाशयाच्या काठावर पोचेल.

तिने काढलेला मार्ग साधा होता. वेबस्फिअर सुरू होताना आपल्या लॉगच्या फोल्डरात, सर्व्हरच्याच नावाने, एक पिड फाइल लिहितो. आत प्रोसेसचा क्रमांक. तो क्रमांक पीएसमधल्या क्रमांकाशी जुळवायचा, की ओळीचं टोक पाहण्याची गरजच उरत नाही. सर्व्हर अवेळी कोसळला तर फाइल मागे राहते आणि तो क्रमांक दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो. म्हणून तिने फाइलची वेळ आणि प्रोसेस सुरू झाल्याची वेळही ताडून पाहिली. ते फोल्डर मी हजार वेळा उघडलं असेल. लॉग वाचायला. फाइल तिथेच असायची. मी ओळीच्या टोकाकडे इतका डोळे लावून बसलो होतो की नाव दुसरीकडेही लिहिलेलं असेल, हे मला सुचलं नाही. तिचा पॅटर्न वाचून मला आधी आनंद झाला नाही. आधी मी त्यात चूक शोधली, दोन दिवस. सापडली नाही.

नंतरच्या एका विज्ञान दिनाला तिला आणि माझ्या भाच्याला घेऊन खोडदला गेलो होतो, जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी, त्यातल्या चौदा मधल्या चौकात आणि सोळा वायच्या तीन हातांवर. तिथे नकाशापुढे भाचा क्रमांक मोजत होता. सी०५, सी०६, मग थेट सी०८. "मामा, सात कुठंय?" सी०७ नाही. पूर्वेच्या हातावर ई०१ नाही, दक्षिणेच्या हातावर एस०५ नाही. पुढचे क्रमांक मागे ओढून रांग सलग केलेली नाही. भाच्याला ते अपुरं वाटलं. ती मात्र बराच वेळ त्या नकाशापाशी उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही आणि मी त्याबद्दल तिचा आभारी आहे.

माझी ती "तात्पुरतं"वाली ओळ तिने काढली नव्हती, फक्त बंद करून ठेवली होती. काढायची की नाही, हे तिने मला विचारलं. मी काढली. त्या तिमाहीच्या अहवालात शून्याच्या जागी सदतीस आले. बैठकीत ग्राहकाच्या नव्या व्यवस्थापकांनी विचारलं, काम बिघडलं का? मी सांगितलं की हे सदतीस आधीही होते. पुढचं सांगताना माझ्या घशाला कोरड पडली, पण अकरा दिवसांसकट सगळं सांगितलं. ती शेजारच्या चौकटीत होती, कॅमेरा बंद.

पुढे पिड फाइलची जुळणी सगळीकडे लावली, तेव्हा सदतीसचे चार झाले. चौघांपैकी तिघांचं कारण कळलंय. चौथा एका जुन्या सोलॅरिस यंत्रावर आहे. ओळ ८० अक्षरांवर तुटते आणि लॉगचं फोल्डर आमच्या वापरकर्त्याला वाचता येत नाही. प्रोफाइलमध्ये सर्व्हर दोन आहेत, चालू एकच. कुठला, याचा अंदाज मला आहे आणि तो बहुतेक बरोबर आहे. नावाचा रकाना रिकामा आहे. फोल्डर वाचायची परवानगी मागणारं पत्र मी तीनदा पाठवलंय. दर सोमवारी सकाळी स्कॅन संपला की आधी तोच रकाना पाहतो.