कनौजच्या भट्टीवर पावसाचा वास

गेल्या जूनमध्ये आम्ही सहकुटुंब उत्तर प्रदेशात गेलो होतो. कानपूरहून सुमारे 80 किलोमीटरवर कनौज लागते. सम्राट हर्षवर्धनाची राजधानी ती हीच. 7 व्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग येथे येऊन गेला. आज हे गाव अत्तरासाठी ओळखले जाते. ऊन मी म्हणत होते. अशात एका गल्लीत शिरलो आणि मृगाच्या पहिल्या सरीचा वास आला! आमची धाकटी आभाळाकडे पाहू लागली. पण ढगाचा ठिपकाही नव्हता.

वास येत होता तो कारखान्यातून. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात व खाली लाकडे, गोवऱ्या पेटवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका गार पाण्यात बुडवलेला असतो. त्यातले चंदनाचे तेल मातीचा वास शोषून घेते. हेच मिट्टीचे अत्तर.

पण मातीला हा वास येतो कुठून? ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 साली त्याचा उलगडा केला. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलद्रव्ये दगडमातीत साठत जातात आणि ओलावा मिळताच बाहेर पडतात. या वासाला त्यांनी ‘पेट्रीकोर’ हे नाव दिले. कनौजच्या कारागिरांचे हे अत्तर त्यांना माहीत होते. मातीतले सूक्ष्म जीव ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्यही तयार करतात. बीटरूटला मातकट वास येतो तो याचाच. थेंब मातीवर आपटला की हवेचे बुडबुडे सोड्यासारखे वर फुटतात व वास उधळतात, हे 2015 साली अमेरिकेत वेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले. मुसळधार पावसापेक्षा हलक्या सरीत हे अधिक घडते. पहिल्या शिडकाव्याचा वास म्हणूनच दरवळतो.

देगेपाशी एक वृद्ध कारागीर बसले होते. आच किती द्यायची, हे सांगणारे यंत्र तेथे नाही. ते भपक्याला हात लावून ओळखत. तळव्याची कातडी जाड झाली होती. आम्ही विचारले, “चाचा, शास्त्रज्ञांनी तुमच्या कामावर लिहिले आहे, ठाऊक आहे?” ते हसले व म्हणाले, “आम्हाला कोणी सांगितले नाही.” मुले हे काम शिकली का, असे विचारताच ते गप्प झाले. चंदन महागले, स्वस्त तेले आली, मुले शहराकडे गेली, एवढेच पुढे बोलले.

आम्ही एक छोटी कुपी घेतली. तिच्यावर दुकानाचे नाव होते, चाचांचे नव्हते. घरी आल्यावर धाकटीने वहीत लिहिले, “पावसाचा वास कनौजच्या चाचांनी बनवला.” ते पान आम्ही जपून ठेवले आहे. वाचकहो, यंदा पहिली सर आली की मुलांना अंगणात न्या, आणि या हातांची गोष्टही सांगा.