मंदी संपल्यानंतरचं बजेट

सप्टेंबर 2010 मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने जाहीर केलं की डिसेंबर 2007 ला सुरू झालेली मंदी जून 2009 मध्येच संपली. म्हणजे संपूनही सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. ही बातमी आमच्या ऑफिसात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले आणि मग कोणीच काही बोललं नाही. पुढच्या वर्षी कुठे कात्री लावायची याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

ऑफिस सॅन होजेला, कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीचं. मी तिथल्या एका विभागात हिशेबाच्या टेबलावर होते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, साताऱ्याच्या जिल्हा परिषदेत लेखा विभागात सगळी नोकरी काढलेली, त्यामुळे फोनवर त्यांना माझ्या तब्येतीपेक्षा आमच्या बजेटमध्ये जास्त रस.

"तुमची काउंटी म्हणजे आमची झेडपीच ना गं?"

"झेडपी, कलेक्टर कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल, तुरुंग आणि सरकारी वकील, सगळं एका छपराखाली," मी म्हटलं. "वर शेरिफ आणि घरांची किंमत ठरवणारा असेसर हेसुद्धा लोकांनी निवडून दिलेले."

"आणि पैसा?"

खरा प्रश्न हाच. झेडपीचा बहुतेक पैसा वरून अनुदानाने येतो, स्वतःचं उत्पन्न थोडकं. काउंटीकडेही राज्याचा आणि केंद्राचा पैसा भरपूर येतो, पण तो ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावायचा. मुखत्यारीने खर्च करता येतो तो मुख्यतः घरपट्टीचा. घरमालक भरतो त्या प्रत्येक डॉलरातला सर्वांत मोठा वाटा शाळांना जातो. काउंटीच्या हातात पाचव्या हिश्श्याहूनही कमी पडतो. लोकांना मात्र वाटतं, घरपट्टी भरली म्हणजे सगळी काउंटीच्या तिजोरीत गेली.

ही घरपट्टी चालते उशिराने. कॅलिफोर्नियात 1978 सालच्या 'प्रपोझिशन 13' नुसार कर घराच्या करपात्र किमतीच्या एक टक्का, आणि ती किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढवता येते. घर विकलं की नव्याने बाजारभाव लागतो. बाजार पडला तर किंमत तात्पुरती खाली आणतात. किंमत धरायची ती 1 जानेवारीची. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, घरांचे भाव आणखी घसरले; ती घसरण नोंदली गेली जानेवारी 2009 ला, बिलं निघाली त्या शरद ऋतूत, आणि पैसे आले डिसेंबर 2009 आणि एप्रिल 2010 च्या दोन हप्त्यांत. तोवर वर्तमानपत्रांत 'सावरतंय, सावरतंय' सुरू झालेलं. त्यातच महागाईला जोडलेली ती दोन टक्क्यांपर्यंतची वार्षिक वाढ 2010-11 ला चक्क उणे निघाली, 0.237 टक्क्यांनी. प्रपोझिशन 13 आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आकडा दिसायला चिमुकला, पण वाढ गृहीत धरून बांधलेल्या बजेटात तो चांगलाच टोचतो.

खर्चाची चाल नेमकी उलटी. ज्या महिन्यात माणसाची नोकरी जाते, त्याच्या पुढच्याच महिन्यात तो फूड स्टँपच्या रांगेत उभा असतो. कंपनीचा विमा गेला की आजारपणात काउंटीच्या हॉस्पिटलचा रस्ता धरतो. बॅस्कम अॅव्हेन्यूवरच्या त्या हॉस्पिटलात कधीकाळी सॉफ्टवेअरमध्ये असलेली, आपल्याकडची माणसंही मी पाहिली. ओळख दाखवायची की नाही हे त्यांच्यावर सोडायचं, एवढं कळत होतं. निराधारांना शेवटचा आधार काउंटीने द्यायचा, असा राज्याचा कायदा आहे. तुरुंग बंद करता येत नाही, आरोपीला वकील नाकारता येत नाही, मार खाणाऱ्या मुलाची तक्रार आली तर जावंच लागतं. मग कात्री चालते ती कायद्याने बांधलेलं नाही त्यावर: व्यसनमुक्तीचे वर्ग, म्हाताऱ्यांसाठीची दिवसाची केंद्रं, पहिलटकरणीच्या घरी जाणारी नर्स. म्हणजे पुढे तुरुंगात आणि हॉस्पिटलात होणारा खर्च जे वाचवतं तेच आधी कापायचं. हे मूर्खपणाचं आहे हे त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यात आणखी एक मेख: काही कामांत काउंटीने एक डॉलर घातला तर केंद्र आपला हिस्सा घालतं. आपला डॉलर वाचवला की तोही जातो.

हिवाळ्यात वरून आकडा यायचा: तुमच्या विभागाने एवढे कमी करा. मग एक्सेलचा तक्ता उघडायचा. पहिली दोन वर्षं सोपी गेली, रिकामी पदं होती, ती पुसली. नंतर रिकामं काही उरलं नाही. तक्त्यात नावं नसतात. पदाचा क्रमांक, हुद्दा, पगार, भत्ते, एवढंच. पण आम्ही सगळ्यांनी ते क्रमांक पाठ केलेले. अमुक ओळ म्हणजे खिडकीजवळची फिलिपिनो बाई, जी दर शुक्रवारी सगळ्यांसाठी पान्सित करून आणायची. गंमत म्हणजे तिची ओळ पुसली तरी ती जाणार नव्हती. युनियनच्या करारात ज्येष्ठतेचा हक्क असतो: पद गेलं की ज्येष्ठ माणूस खालच्या हुद्द्यावरच्या कनिष्ठाला हलवून तिथे बसतो, तो आणखी खालच्याला. तिच्या एका ओळीमुळे तिघांची टेबलं बदलली आणि शेवटी घरी गेला तो नुकताच पक्का झालेला मुलगा, जो आमच्या विभागातलाच नव्हता. वाचलेली रक्कमही तक्त्यात दाखवली त्याहून कमी, कारण गेला तो सगळ्यांत कमी पगाराचा.

मे महिन्यात बजेटचा मसुदा यायचा, जूनमध्ये सुनावण्या. हेडिंग स्ट्रीटवरच्या सभागृहात काउंटीचे निवडून आलेले पाच सुपरवायझर समोर आणि खुर्च्यांवर एसईआययू युनियनचे जांभळे टी-शर्ट. बोलायचं असेल त्याने कार्ड भरून द्यायचं, नाव पुकारलं की माइकशी जायचं, घड्याळ सुरू. एक म्हातारे व्हिएतनामी गृहस्थ कागदावर लिहून आणलेलं वाचत होते: दुपारच्या जेवणाच्या केंद्रात ते रोज येतात, घरी कोणी नाही. वेळ संपल्याचा दिवा लागला तेव्हा ते निम्म्यावरही आले नव्हते. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, वाकून आभार मानले आणि गेले. अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं. नियम सगळ्यांना सारखा हवा हे मला पटतं, तरी त्या दिवशी तो मला पटला नाही.

काउंटीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणून जूनमध्ये बजेट मंजूर व्हावंच लागतं. त्यातला बराच पैसा देणारं राज्य मात्र स्वतःच्या बजेटवर अडून बसायचं. तेव्हा तिथे दोन तृतीयांश मतं लागत. 2010 मध्ये ते मंजूर झालं 8 ऑक्टोबरला. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत तर राज्याची रोकड संपली आणि चेकऐवजी 3.75 टक्के व्याजाच्या हुंड्याच वाटल्या. शिवाय काउंट्या आणि शहरांच्या घरपट्टीतला हिस्साही उसना घेतला. अण्णांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे वरचे इकडचे काय नि तिकडचे काय!" बत्तीस खात्यांचा ताळमेळ घालणाऱ्या माणसाला दुसऱ्याची फजिती ऐकून बरं वाटतंच.

याच काळात आमच्या घराची करपात्र किंमतही खाली आली. आम्ही 2006 ला, भाव चढे असताना घेतलेलं घर. बिल कमी आल्यावर नवऱ्याने पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. मी ऑफिसात ज्या तुटीसाठी ओळी पुसत होते, त्या तुटीत आमच्या घराचाही खारीचा वाटा होता. पण बिल परत करून जास्त घ्या म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि मीही तशी नाही.

नोव्हेंबर 2012 मध्ये मतदारांनी 'मेझर ए' मंजूर केलं, विक्रीकरात अष्टमांश सेंटची वाढ, दहा वर्षांसाठी. तोवर घरांचे भावही उसळले होते. तात्पुरती उतरवलेली किंमत परत चढवताना दोन टक्क्यांची मर्यादा नसते, मूळ पातळी येईपर्यंत ती एकदम वर जाते. ते कोणाच्याच ध्यानात नसतं. गणपतीत मंडळाच्या जेवणात पंगतीला बसले, तर मठ्ठा वाढणारे काका थांबून म्हणाले, "तू काउंटीत ना? हे काय चाललंय? एका वर्षात एवढी वाढ!" शेजारच्या दोघीही वळल्या. मी प्रपोझिशन 13 पासून सुरुवात केली, तर ते म्हणाले, ते राहू दे, अपील करता येतं का तेवढं सांग. येतं, म्हटलं. अर्ज पंधरा सप्टेंबरच्या आत द्यायचा.