वानगी आणि जेवण

आपल्या मावळात इंद्रायणी तांदूळ घेताना गिऱ्हाईक आधी मूठभर दाणे तळहातावर घेते, नाकाशी नेते, एखादा दाणा दातांखाली धरून पाहते. दुकानदार त्यावर रागावत नाही. ही झाली वानगी. घरी नेल्यावर तांदळात खोट निघाली, तर तो परत करण्यातही कोणाला संकोच वाटत नाही. परंतु पोतेभर तांदूळ शिजवून, पोटभर जेवून, रिकामे पोते परत आणणारा मनुष्य मी तरी पाहिलेला नाही. संगणकावर आणि मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या खेळांच्या बाजारात मात्र वानगी कोठे संपते आणि जेवण कोठे सुरू होते, ही रेषा पुसट झाली आहे. आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर मला माझ्या दवाखान्यात मिळाले.

घोरावाडी स्थानकापासून जवळच मी कौटुंबिक डॉक्टर म्हणून काम करते. लोकलने पुण्याला नोकरीस जाणारी मंडळी आणि त्यांची शाळा-कॉलेजांत शिकणारी मुले हे माझे बहुतेक रुग्ण. काही महिन्यांपूर्वी अकरावीतील एका मुलाला त्याची आई घेऊन आली. सकाळी डोके दुखते, वर्गात डोळे मिटतात, जेवणावर लक्ष नाही. तपासणीत काही आढळले नाही. झोपेविषयी विचारले, तेव्हा कळले की वाढदिवसाच्या पैशांतून त्याने दोन हजार रुपयांचा एक खेळ विकत घेतला होता आणि रोज रात्री दोन-अडीचपर्यंत तो खेळत होता.

"खेळ फार आवडला का रे?" मी विचारले.

"नाही डॉक्टर. पहिल्याच दिवशी कंटाळा आला."

"मग खेळतोस कशाला?"

"पैसे भरलेत ना! सोडला तर वाया जातील."

या उत्तरात हट्ट नव्हता, व्यसनही नव्हते. होता तो मध्यमवर्गीय घरातला काटकसरीचा संस्कार. पण तो चुकीच्या जागी लागू झाला होता. मानसशास्त्रात या वृत्तीचा अभ्यास झालेला आहे. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचा एक प्रयोग आहे. हंगामभराची तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना, कोणतेही कारण न सांगता, सवलत दिली गेली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक सवलत मिळालेल्यांपेक्षा अधिक नाटकांना आले. नाटके सर्वांना तीच होती. गेलेला पैसा मात्र त्यांना खुर्चीकडे ओढत होता. आपणही नावडती भाजी 'टाकायची कशी' म्हणून संपवतो. भाजीचा घास एक असतो; खेळाच्या रात्री मात्र चाळीस होतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तासांची झोप लागते. ती तुटली की डोके दुखणे ही केवळ सुरुवात असते.

म्हणूनच खेळ परत करण्याची सोय ही माझ्या दृष्टीने निव्वळ व्यवहाराची बाब नाही. स्टीम हे संगणकीय खेळांचे जगातील मोठे दुकान. त्याने जून २०१५ पासून सर्वांसाठी नियम केला: विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांहून कमी झाला असेल, तर कोणतेही कारण सांगून पैसे परत मागता येतात. 'मजा आली नाही' एवढे कारणही पुरते. असा नियम होण्याआधीच, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने या दुकानाची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीवर दावा लावला होता. परताव्याच्या हक्काविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. बलाढ्य कंपनीलाही या हक्कामुळे उत्तर द्यावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ इतक्या सदोष अवस्थेत बाजारात आला की, सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या दुकानातून काढून घेतला आणि मागणाऱ्यांना पूर्ण रक्कम परत दिली.

माझ्या त्या तरुण रुग्णाला अशी काही मुदत असते, हेच ठाऊक नव्हते. त्याने खेळ घेतलेल्या दुकानाची मुदत तोवर केव्हाच उलटून गेली होती. दोन हजार रुपये गेले होते. मी त्याला इतकेच सांगितले, "पैसे गेले ते खेळ घेतला त्याच दिवशी. आता त्यांच्यामागे झोप का धाडतोस?" त्याने खेळ काढून टाकला. तीन आठवड्यांनी आला, तेव्हा डोकेदुखी थांबली होती.

हे प्रकरण येथेच संपले असते, तर परतावा ही सर्वथा गुणकारी गोष्ट आहे असे सांगून मी लेखणी खाली ठेवली असती. परंतु खिडकीच्या पलीकडल्या बाजूचा रुग्ण माझ्या घरातलाच निघाला. माझा भाचा तळेगावात राहतो, दिवसा पुण्यात नोकरी करतो. त्याने दोन मित्रांसह दोन वर्षे रात्री जागून एक लहानसा खेळ तयार केला. मन लावून खेळल्यास तो दीड तासात संपतो. विक्रीस ठेवल्यावर दररोज पहाटे उठून तो दोन आकडे पाहू लागला: किती विकले गेले आणि किती परत आले. परत करणाऱ्यांपैकी कोणी लिहून जाई की खेळ सुंदर आहे, शेवट फार आवडला. "मावशी, शेवट आवडला म्हणजे ताट चाटूनपुसून खाल्लं की! मग पैसे परत कसे मागतात?" असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळे मला दिसली.

हे त्याच्या एकट्याचे दुःख नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' या छोटेखानी भयकथात्मक खेळाच्या निर्मात्याने, इमिका गेम्सने, खेळनिर्मिती अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. खेळाविषयी अभिप्राय चांगले होते. पण तो दोन तासांच्या आत संपत असल्याने असंख्य लोक संपवून परत करत होते. परत गेलेली रक्कम निर्मात्याच्या हिशेबातून वजा होते आणि मोठ्या कंपनीला न जाणवणारी ही वजाबाकी दोन-तीन माणसांच्या चमूला झोपवू शकते.

असे चमू आता आपल्या आसपासही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ प्रसिद्ध केला. त्यासाठी २०१७ मध्ये केलेल्या लोकवर्गणीच्या आवाहनाला अपेक्षित रक्कम मिळाली नव्हती. तरीही त्यांनी तो पूर्ण केला आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. अशा अनोळखी निर्मात्याचा खेळ दूरदेशीचा मनुष्य विकत घ्यायला धजावतो, त्यामागे 'नाही आवडला तर परत करता येईल' हा दिलासाही असतो. म्हणजे ज्या नियमाने लहान निर्माता दुखावतो, तोच नियम त्याच्या दारी गिऱ्हाईकही आणतो. नियम रद्द करावा, असे म्हणूनच भाचाही म्हणत नाही.

या नियमाचा आणखी एक परिणाम आहे आणि डॉक्टर म्हणून मला तोच अधिक गंभीर वाटतो. एके दिवशी भाच्याचा मित्र म्हणाला, "मधे नुसतं अर्धा तास चालायला लावू. दोन तास भरले की प्रश्न मिटला." घड्याळ चुकवण्यासाठी खेळात पाणी घालायचे! त्याची किंमत कोण मोजणार? रात्री अकराला 'एवढे संपवून झोपतो' म्हणणारे आपलेच मूल. दीड तासात समाधान देऊन घरी पाठवणारा खेळ हा खरे तर कुटुंबाच्या आरोग्याला मानवणारा खेळ. आपण तो संपवून परत करत राहिलो, तर बाजारात फुगवलेले खेळच उरतील. भाच्याने पाणी घातले नाही. त्याने आरंभीचा पंधरा मिनिटांचा भाग विनामूल्य खुला केला. तळहातावर तांदूळ ठेवण्याचाच हा प्रकार.

मोबाइलवरील खेळांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे खेळ फुकट असतो आणि आतली नाणी, पोशाख, शस्त्रे विकली जातात. लहान मुलांचे हात तेथेच पोहोचतात. मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या अशा खरेदीबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये अ‍ॅपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. एकदा पासवर्ड टाकला की पुढील पंधरा मिनिटे पुन्हा न विचारता खरेदी होत असे, हे त्यातले मुख्य कारण. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सने फसव्या बटणरचनेबद्दल २४ कोटी ५० लाख डॉलर परताव्यासाठी देण्याचे मान्य केले. आपल्याकडे कार्डाने पैसे भरताना ओटीपी येतो हे खरे. पण तो ज्या फोनवर येतो, तोच फोन मुलाच्या हातात असेल, तर कुलूप आणि किल्ली एकाच खिशात राहतात.

हक्क आपल्यालाही आहेत. २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत आणि परताव्याच्या अटी ग्राहकाला स्पष्ट सांगणे त्यांनुसार बंधनकारक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. परंतु मुदत चालू असतानाच जागे व्हावे लागते. गूगल प्लेवर ती बहुधा ४८ तासांचीच असते.

तेव्हा, वाचकहो, घरात एवढे अवश्य करावे. खेळ रात्री उशिरा विकत घेऊ नये. मुदतीचे पहिले तास झोपेच्या वेळेत जातात आणि निर्णय थकलेल्या मनाने होतो. विकत घेण्यापूर्वी परताव्याची अट मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. पहिल्या तासाअखेर गजर लावावा आणि त्याला विचारावे, "उद्या हा पुन्हा उघडावासा वाटतो का?" उत्तर 'नाही' असेल, तर त्याच दिवशी परत करावा आणि 'आधी कळत नव्हतं का?' असे म्हणून मुलाला लाजवू नये. लाजलेले मूल पुढच्या वेळी परत करणार नाही, जागत बसेल. मुदत उलटली असेल, तरीही नावडता खेळ सोडून देण्याची त्याला मोकळीक द्यावी. फोनवरील प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करून तो पासवर्ड आपल्यापाशी ठेवावा. आणि मुलाने खेळ शेवटपर्यंत खेळला असेल, त्याला आनंद झाला असेल, मुदतही अजून शिल्लक असेल, तर त्या पैशांवर आपला हक्क उरलेला नाही, हेही त्याला त्याच दिवशी सांगावे.